जोतिबाला जाऊन आलेला कॉम्प्युटर

भेटायला आलेल्या माणसांनी कॉम्प्युटरबद्दल सल्ला देऊ नये, असा कुठे नियम नाही. असता तर मी तो मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावला असता. आबा गेल्यावर आमच्याकडे माणसं येत होती, चटईवर बसत होती, "शेवटी काही बोलले का?" असं विचारत होती, आणि चहा येईपर्यंत बोलायला काही उरत नसल्यामुळे घरातल्या एखाद्या वस्तूकडे बघत होती. ती वस्तू म्हणजे कोपऱ्यातला बंद पडलेला कॉम्प्युटर. त्यामुळे माझ्या वडलांच्या मृत्यूची आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, त्याहून जास्त त्या कॉम्प्युटरच्या मृत्यूची झाली. "वेळेवर दाखवायला पाहिजे होतं," यावर दोघांच्याही बाबतीत सर्वांचं एकमत होतं.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर ते जयसिंगपूर, जयसिंगपूर ते कोल्हापूर. निवृत्त झाल्यावर त्यांचे पाय घरात स्वस्थ बसेनात. मी ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमासाठी घेतलेला एक जुनापुराणा कॉम्प्युटर होता आणि त्यात कुणीतरी मोटारींच्या शर्यतीचा एक गेम घालून दिला होता. आबांनी तो चालवायला घेतला. सहा गाड्या सुटत. पाच निघून जात. आबा आधी आजूबाजूला बघत, मग निघत. वळणावर वेग कमी करत. मागून कुणी आलं तर बाजू देत. त्या परदेशी रस्त्याला त्यांनी आपल्या रस्त्याची नावं दिली होती: पहिलं वळण शिरोलीचं, पूल लागला की हेर्ले, झाडांची रांग म्हणजे चोकाक. निकालाच्या पाटीवर ते कायम सहावे असत. "पोचलो का न्हाई?" एवढंच ते विचारत.

आई शेजारी स्टुलावर बसे. सगळी नोकरी संपेपर्यंत आबांच्या गाडीत ती कधी बसली नव्हती. घरचं माणूस गाडीत असलं की लक्ष राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्तीनंतर ती बसली, ती या गेममध्ये. पदर खोचून, समोर बघत, दांडा धरल्यासारखी टेबलाची कड धरून.

आबा गेले आणि आईने भिंतीकडे तोंड केलं. बोलणं "नको" आणि "ऱ्हाऊ दे" या दोन शब्दांवर आलं. ताट जसंच्या तसं परत येऊ लागलं. दिवसाकाठी मी घास भरवीन तेवढाच तिच्या पोटात जाई. डॉक्टर म्हणाले, कशात तरी मन रमवा, नाहीतर सलाईन लावावं लागेल. मी आमच्या ग्रंथालयातली दुःखावरची सगळी पुस्तकं चाळली. त्यांत दुःख पुष्कळ आहे, भाकरी कुठेच नाही.

मग एका दुपारी ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तेजा, त्यांची गाडी लाव की."

मी धावत जाऊन बटण दाबलं. आतून चट्ट असा आवाज आला, जळका वास आला आणि पडदा काळाच राहिला. आईने वळवलेली मान पुन्हा भिंतीकडे नेली. एवढंच माझं कारण होतं. पुढे जे झालं ते बघता कारण फारच लहान वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

शाहूपुरीत सम्राट नावाच्या मुलाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मुलगा म्हणजे तिशीचा असेल, पण ज्याला आपण उधारीवर पेनड्राइव्ह मागू शकतो तो मुलगाच. त्याने आमचं खोकं उघडलं, आत फुंकर मारली, स्वतः शिंकला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात काय ऱ्हायलं न्हाई. ह्याचे पार्ट आता म्युझियममध्ये बी मिळायचे न्हाईत. आतला डेटा काढून देतो. नवीन घ्या. कशासाठी पाहिजे?"

ग्रंथपालाला प्रश्नाचं नेमकं उत्तर देण्याची खोड असते. मी म्हटलं, "गेमसाठी."

सम्राट खुर्चीवरून उठला. मला वाटतं, आयुष्यात माझ्याबद्दल इतका आदर कुणाच्या चेहऱ्यावर मी पाहिला नव्हता. "मोटारींचा गेम?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "मग ग्राफिक्स कार्डाशिवाय विषयच न्हाई," तो म्हणाला आणि त्याने माझ्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक गेमिंग लॅपटॉप, पाटासारखा रुंद, काळा, कडेला लाल दिवे. दुसरा एक छोटा पीसी, मोठ्या जेवणाच्या डब्याएवढा, चारी बाजूंनी बारीक भोकं. "दिसायला बारका हाय," त्याच्या पाठीवर थाप मारत सम्राट म्हणाला, "पण आत रेडा बांधलाय."

मी विचार करून सांगते म्हणाले. ही दुसरी चूक. कोल्हापुरात विचार एकट्याने करता येत नाही.

शेजारचे हंबीरराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकल्याऐकल्या निकाल दिला. "लॅपटॉप. डोळं झाकून लॅपटॉप. लाईट कवा जाईल सांगता येतंय का? मी नोकरीत होतो तवा लाईट जाताना मला इचारून जायाची. आता कुणाला इचारती?"

आईचा धाकटा भाऊ, आमचा पिराजीमामा, गावाहून येऊन राहिला होता. त्याला लॅपटॉप ही कल्पनाच पसंत नव्हती. "मांडीवर घ्यायची वस्तू व्हय ती? आक्काला बसल्या बसल्या डुलकी लागती. पडली खाली मांडीवरनं तर? वस्तू कशी पायजे, एका जागी घट्ट बसलेली. आमच्या जात्यागत."

"जात्यावर गाडी चालवणार काय तुमची आक्का?" हंबीरराव म्हणाले.

त्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी मध्येच सांगितलं, की त्यांच्या जावयाचा लॅपटॉप इतका तापतो की गुडघ्यावर ठेवला तर छान शेक बसतो. यावर लॅपटॉपच्या बाजूने तीन सांधेदुखीवाली मतं पडली. आबांच्या फोटोखाली उदबत्ती जळत होती. सगळे फोटोकडे पाठ करून बसले होते, कारण कॉम्प्युटरची रिकामी जागा दुसऱ्या कोपऱ्यात होती.

आणि मग मामाने ठेवणीतला मुद्दा काढला. वर्ष सरल्याशिवाय नवी वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही.

मी म्हटलं, मामा, तिच्या पोटात अन्न नाही. मामा म्हणाला, ते मला बी दिसतंय, पण रीत म्हणजे रीत. हंबीररावांनी वकिलासारखा घसा साफ केला. "पिराजीराव, पीसी वस्तू हाय, कबूल. पण लॅपटॉप पिशवीत असतोय. पिशवी जुनी घ्यायची. आत आली ती जुनी पिशवी."

"मग नवी नवरी जुन्या लुगड्यात आणली तर लगीन झालं न्हाई म्हणायचं व्हय?" मामाने विचारलं. हंबीररावांनी चहाचा कप उचलला.

दोन दिवस असेच गेले. आईचं नाक वर आलं, गालफडं आत गेली. तिसऱ्या दिवशी मामाने स्वतःच तोड काढली. वस्तू दुकानातून थेट घरात आणायची नाही. आधी जोतिबाला न्यायची. देवाच्या पायाशी ठेवली की ती देवाची झाली. तिथून घरी आली की ती खरेदी राहत नाही, प्रसाद होतो. प्रसादाला कुठल्याही घरात मज्जाव नाही.

"मग लॅपटॉप न्या की देवाला," हंबीरराव म्हणाले.

"देवापुढं घडी घातलेली वस्तू ठेवायची नसती," मामा म्हणाला. "आन् उघडून ठेवला तर तोंड वासल्यागत दिसंल."

अशा रीतीने पीसी ठरला. लॅपटॉप आणि पीसी यांच्यातली निवड या मुद्द्यावर झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. जुना मॉनिटर चालत होता, त्यामुळे त्याच्या पावित्र्याचा प्रश्न आला नाही. लाईट गेली तर काही वेळ मशीन चालू ठेवणारा यूपीएस मात्र सम्राटने उशिरा पाठवला. तो जोतिबाला गेलेला नसल्यामुळे त्याला हंबीररावांच्या व्हरांड्यात ठेवण्यात आलं.

रविवारी मी आणि मामा डोंगरावर गेलो. वर पोचल्यावर मामा म्हणाला, "तू हितंच थांब. वर्षाच्या आत लेकीनं पायरी उतरायची नसती." हा नियम त्याने तिथेच, गाड्या लावायच्या जागेत केला असावा, पण देवाच्या दारात वाद घालणं मला जमलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मामा, खोक्यातून बाहेर काढू नका." मामाने मान हलवली. मामाची मान कशालाही हलते.

मी नारळ-दवण्याच्या एका दुकानाच्या फळीवर बसून राहिले. समोर एक एसटी येऊन लागली. ड्रायव्हर उतरला, त्याने फडक्याने समोरची काच पुसली, पुढच्या चाकाला पाय लावून बघितला. मी वळून दुकानातले नारळ मोजायला लागले.

"कुणाला आणलंय दर्शनाला?" दुकानदारीण बाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटरला," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि फळीवरचे नारळ थोडे पलीकडे सरकवले.

मामा परत आला तेव्हा आधी मला त्याचे दात दिसले. बाकी सगळा तो गुलाबी होता. केस, मिशा, भुवया, कानाची भोकं. त्याच्या दोन्ही हातांवर, लहान मूल धरावं तशी, एक गुलाबी पेटी होती.

"दर्शन झ्याक झालं!" मामा म्हणाला. "खोक्याला दर्शन घडवून काय उपेग, म्हणून भाईर काढला. शेजारी एकानं मुठीमुठीनं गुलाल उधळला बघ. ही बारकी भोकं हैत न्हवं, त्यातनं आत बी गेलाय. आतबाहेर पवित्र झालं."

मी पेटी हलवून पाहिली. आतून मऊसा आवाज आला. पिठाच्या डब्याचा येतो तसा.

शहराच्या हद्दीवर जकात नाका आहे हे मी विसरले होते. नाका आम्हाला विसरला नव्हता. रिक्षात मांडीवर नवी वस्तू घेऊन शहरात शिरणारी दोन माणसं, त्यातलं एक गुलाबी, हे कुठल्याही कारकुनाने थांबवलंच असतं.

"काय हाय ह्यात?" त्याने विचारलं.

"परसाद," मामा म्हणाला.

कारकुनाने पेटी फिरवून मागची बाजू पाहिली. "पावणं, परसादाला वायर असती व्हय?"

मी पुढे झाले. हा माल बाहेरून आलेला नाही, शाहूपुरीत घेतला, डोंगरावर गेला आणि परत आला, असं मी शांतपणे, क्रमवार सांगितलं. पावती घरी आहे हेही सांगितलं. कारकून म्हणाला, "बाई, नोकरी काय करता?"

"कॉलेजात ग्रंथपाल आहे."

"मग वाचता येत असंल. त्यो बोर्ड वाचा."

बोर्डावर लिहिलं होतं, की शहरात येणाऱ्या मालाची पावती सोबत बाळगावी. इतकी वर्षं मी लोकांना 'शांतता राखा' ही पाटी दाखवत आले. पाटी दाखवली जाण्याचा अनुभव मात्र पहिल्यांदाच घेतला. एसटीडी बूथवरून हंबीररावांना फोन केला. ते पावती घेऊन एम-एटी स्कूटरवरून आले. पावती देण्याआधी त्यांनी गुलाबी पेटीकडे बघितलं, मामाकडे बघितलं आणि आकाशाकडे बघून म्हणाले, "लॅपटॉप असता तर पिशवीत दिसलाच नसता."

घरी पोचायला तिन्हीसांजा झाल्या. दुपारी आईपुढे ठेवून गेलेलं ताट तसंच होतं, ते मी टेबलाच्या कडेला झाकून ठेवलं. मी तिला उठवून स्टुलावर बसवलं. ती बसली म्हणण्यापेक्षा ठेवल्यासारखी राहिली. सगळ्या वायरी जोडल्या. हंबीरराव दारात उभे होते. मामाने "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी दिली आणि मी बटण दाबलं.

सम्राटने सांगितलेला रेडा आत जागा झाला. तीन पंखे एकदम फिरले, आणि डोंगरावरून आणलेला सगळा गुलाल त्या बारीक भोकांतून एका दमात बाहेर आला. भिंत, मॉनिटर, आबांचा फोटो, मी. धुरळा बसला तेव्हा आई दिसली. तिच्या पांढऱ्या केसांवर, कोऱ्या कपाळावर, नाकावर, सगळीकडे गुलाल होता.

कुणी हसलं नाही. मामाचं तोंड उतरलं. तो खांद्यावरचा टॉवेल घेऊन पुढे धावला आणि तिचं कपाळ पुसायला लागला. आईने त्याचा हात बाजूला केला.

"असू दे," ती म्हणाली.

त्या दुपारनंतर 'नको' आणि 'ऱ्हाऊ दे' सोडून हा तिसरा शब्द होता. सम्राटने जुन्यातून काढून दिलेला गेम मी घाईने लावला, ती पुन्हा भिंतीकडे वळायच्या आत. तोच निळा डोंगर, तोच राखाडी रस्ता, सहा गाड्या. आईने टेबलाची कड धरली. मी बाणाची कळ दाबली.

गाडी दिसेनाशी झाली. वळण, पूल, झाडं, कठडा, पुन्हा वळण, सगळं पत्ते पिसल्यासारखं समोरून गेलं. कठड्यांना घासत, आपटत आमची गाडी कुठूनशी निकालाच्या पाटीवर जाऊन पोचली. मला अजून दुसरी कळ सापडली नव्हती.

"पैला नंबर!" मामा ओरडला.

आई पडद्याकडे बघत होती. "ही कुणाची गाडी?" तिने विचारलं.

मी सम्राटला फोन लावला. तो खुशीत होता. "मॅडम, गेम जुना हाय, मशीन जबरदस्त हाय. मशीन पळंल तसा गेम पळणार. जुन्या गेमांचं तसंच असतंय. तुम्हाला स्लो मशीन पाहिजे होतं तर तसं सांगायचं की."

"आहे का तुमच्याकडे स्लो?"

"होतं की. परवाच भंगारात दिलं. तुमचंच."

फोन ठेवला तेव्हा हंबीरराव मला समजावत होते, की लॅपटॉप घेतला असता तर तो बॅटरीवर दमला असता आणि हळू पळाला असता. मी पुन्हा एकदा प्रयत्न केला. कळ नुसती टोकाने दाबली, सोडली, दाबली. गाडी आचके देत सुटली आणि झाडांत गेली. आईने माझ्या हातावर हात ठेवला. "न्हाई," ती म्हणाली. "असं न्हाई."

तेवढ्यात लाईट गेली.

"बघा!" अंधारातून हंबीररावांचा आवाज आला. इतकं समाधान मी क्वचित कुणाच्या आवाजात ऐकलं असेल. "लॅपटॉप असता तर चालू ऱ्हायला असता! थांबा, यूपीएस आणतो." ते गेले. यूपीएस उंबऱ्याच्या आत घ्यायचा की नाही हे ठरवायला मामाही त्यांच्यामागे गेला. बाहेर दोघांचं जुंपलं. एवढा घाट घालून मी तिची शेवटची एक इच्छाही घालवली होती. मी गुलालाने माखलेला हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"अशी सुटत न्हाई ती," आई म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"आधी कंडक्टर घंटी मारतोय. दोनदा. मग ते खिडकीतनं मागं बगत्यात. कुणी पळत येतंय का. एखादी म्हातारी असतीच की गं. ती चढली की मग सोडायची." तिने टेबलाची कड नीट धरली. "शिरोलीला वळण हाय. तितं हळू घ्यायची. हॉर्न द्यायचा, पर ठणाणा न्हाई. एकच. तू काय कळ दाबत बसलीस."

"बरं," मी म्हटलं. "मग?"

"मग हेर्ले. चोकाक. अतिग्र्याला शाळंची पोरं असत्यात, फुकट चढत्यात, ते बगून न बगितल्यागत करायचे." तिचा आवाज बसका होता, पण चालू राहिला. हातकणंगल्याला ती बराच वेळ उभी राहिली, कारण तिथे गर्दी असते. तमदलग्याच्या खिंडीत तिने गिअर बदलला. मला अंधारात दिसलं नाही, पण टेबलावर तिच्या हाताची हालचाल झाली. तिने आबांच्या गाडीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बाहेर मामा म्हणत होता, की यूपीएसची पेटी आत येईल, पण तिची वायर बाहेरच राहील.

"जैनापूर गेलं," आई म्हणाली. "हे आलं जयसिंगपूर. लावली गाडी फलाटाला." तिने श्वास सोडला. "आता डबा उघडतील. ते तितं डबा उघडायच्या टायमालाच मी हितं ताट घ्यायची. सगळी नोकरीभर. त्यास्नी कवा सांगितलं न्हाई. हसले असते."

"मग परतीची गाडी किती वाजता असायची, आई?"

"परतीचं काय घिऊन बसलीस?" ती वैतागून म्हणाली. "जेवू दे की त्यांना आधी."

तिचा हात टेबलावरून चाचपत गेला. ताट सरकलं, आणि अंधारात वाळलेली भाकरी मोडल्याचा आवाज आला.